पाऊस मानतो ती सीमा

(सीमाभागातील एका वाचनालयाच्या व्याख्यानमालेत आम्ही केलेल्या भाषणाचा मजकूर वाचकांच्या आग्रहावरून येथे देत आहोत.)



सीमाभागातील श्रोत्यांपुढे उभे राहून सीमेखेरीज दुसऱ्याच विषयावर बोलावे, हे काहींना खटकेल. त्यांना आम्ही प्रारंभीच सांगतो की, आजचे भाषणही सीमेसंबंधीच आहे. फरक इतकाच की, ही सीमा कोणत्याही आयोगाने आखलेली नाही, तिच्यावर कोठे नाका नाही आणि ती बदलावी म्हणून कोणाकडे अर्जही करता येत नाही. ती डोंगराच्या कण्याने आखली आहे आणि तिच्यावर अंमल चालतो तो पावसाचा. शास्त्रीय परिभाषेत तिला जलविभाजक म्हणतात, आणि तिच्या आत सापडलेल्या, एका प्रवाहाकडे उतरणाऱ्या साऱ्या भूभागाला पाणलोट क्षेत्र म्हणतात. १९५६ साली आखल्या गेलेल्या रेषेचा प्रत्येक वळसा आपल्याला तोंडपाठ आहे. या दुसऱ्या रेषेची ओळख मात्र आपल्यापैकी फार थोड्यांना असेल. आणि आपल्या विहिरींचे, आपल्या भातशिवाराचे, आपल्या नळाच्या पाण्याचे भवितव्य या दुसऱ्या रेषेच्या दोन्ही अंगांना आपण कसे वागतो, यावरच ठरावयाचे आहे.

एका गावात दोन समुद्र

खानापूर तालुक्यातील कणकुंबी हे गाव आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिलेले आहे. चोर्ल्याच्या घाटाने गोव्याकडे जाताना ते लागते. तेथे मलप्रभा उगम पावते. ती पूर्वेकडे वळते, खानापूर गावाजवळून वाहते, सौंदत्तीकडे जाते आणि सुमारे ३०० किलोमीटरांचा प्रवास करून कूडलसंगम येथे कृष्णेला मिळते. म्हणजे तिचे पाणी अखेर बंगालच्या उपसागराचे. पण त्याच कणकुंबीच्या परिसरातून कळसा नावाचा नाला निघतो, तो मात्र म्हादईचा. म्हादई त्याच तालुक्यातील देगावच्या रानात जन्मते, सह्याद्री उतरते, गोव्यात मांडवी म्हणवून घेते आणि पणजीला बगल देऊन अरबी समुद्राला मिळते. कणकुंबीच्या माळावर हातभर अंतराने पडलेल्या दोन थेंबांपैकी एक पणजीच्या वाटेला लागतो आणि दुसरा आंध्रच्या किनाऱ्याकडे निघतो. त्यांची ताटातूट करणारी भिंत कोठे दिसत नाही. जमिनीचा किंचितसा उंचवटा, एवढाच काय तो पंच!

पाणलोट म्हणजे केवळ मोठ्या नदीची गोष्ट, असा समज करून घेऊ नये. प्रत्येक ओहोळाला त्याचे पाणलोट असते. आपल्या घराच्या कौलांचा आढा हाही एक जलविभाजकच होय. आढ्याच्या अलीकडचे पाणी अंगणात, पलीकडचे परसात. अशी लहान पाणलोटे मोठ्यात आणि मोठी त्याहून मोठ्यात सामावलेली असतात. बेळगावच्या पावसाचा माग काढून पाहा. शिवारातले पाणी बळ्ळारी नाल्यात जाते, नाला मार्कंडेयेला मिळतो, मार्कंडेया गोकाकच्या बाजूला घटप्रभेला, आणि घटप्रभा कृष्णेला. यात एक धडा आहे. पाणलोटात वरचा माणूस जे करतो ते खालच्याच्या पदरी पडते. खालच्याने कितीही आक्रोश केला तरी पाणी उलटे चढत नाही.

थेंबाचा प्रवास

आता पाऊस जमिनीवर पडल्यावर काय होते, ते पाहू. जंगलाच्या माथ्यावर पडलेला थेंब एकदम मातीवर आदळत नाही. तो पानावर अडतो, फांदीवरून ओघळतो, खाली साचलेल्या पाचोळ्याच्या गादीवर टपकतो. पाचोळ्याखाली कुजलेली काळी माती, मुळांनी आणि गांडुळांनी केलेली असंख्य छिद्रे, त्याखाली आपल्याकडचा सच्छिद्र जांभा. थेंब सावकाश आत उतरतो. त्यातला काही भाग झाडे पितात, काही पुन्हा वाफ होऊन जातो, आणि उरलेला खडकांच्या भेगांतून पाझरत महिन्या-दोन महिन्यांनी, कधी त्याहूनही उशिरा, एखाद्या झऱ्याच्या रूपाने उजेडात येतो. एप्रिल-मे महिन्यांत, आकाशात ढगाचा ठिपका नसताना, नदीच्या पात्रात जी बारीक धार दिसते, ती मागल्या आषाढाची ठेव असते.

आता याच डोंगराची पाने, पाचोळा आणि मुळे काढून घ्या. थेंब उघड्या मातीवर थपडेसारखा आदळतो. मातीचे बारीक कण उडतात, छिद्रांत बसतात आणि वरचा थर लिंपल्यासारखा होतो. पाणी आत जाईनासे होते. मग ते वरून धावते, धावताना माती नेते, ओघळीची घळ करते. पूर्वी जे पाणी दोन महिने लावून येत असे, ते दोन दिवसांत येते. श्रावणात पूर आणि वैशाखात कोरडे पात्र, ही दोन संकटे एकाच घरातून निघालेली सख्खी भावंडे आहेत, हे आपण ध्यानात ठेवावे. मातीचा एक सेंटिमीटर थर तयार व्हावयास निसर्गाला शेकडो वर्षे लागतात. तो वाहून जावयास एक मोसमही पुरतो.

येथे एक खुलासा करणे प्रामाणिकपणाचे होईल. झाडे लावली म्हणजे नदीचे पाणी वाढते, असे सरसकट म्हणणे बरोबर नाही. झाडेही पाणी पितात. जंगलाचे खरे उपकार पाण्याच्या बेरजेत नसून वेळापत्रकात आहेत. ते पाणी राखून ठेवते, गाळून देते आणि गरजेच्या दिवसांत सोडते. पगार तेवढाच असताना पहिल्या आठवड्यात उधळणारा आणि महिनाभर पुरवणारा यांच्या संसारांत जो फरक असतो, तोच बोडक्या आणि झाडीच्या डोंगरात असतो.

माथ्यावरचा घाव

आपल्या डोंगरमाथ्याने या बाबतीत पुष्कळ सोसले आहे. खानापूरची राने इंग्रजी अमदानीपासून लाकडासाठी तुटत आली. स्वातंत्र्यानंतर कोठे रस्त्यासाठी, कोठे खाणीसाठी, कोठे विजेच्या तारांसाठी तुटली. भीमगडचा सुमारे १९० चौरस किलोमीटरचा प्रदेश २०११ साली अभयारण्य म्हणून जाहीर झाला, आणि पलीकडे गोव्यात म्हादई अभयारण्य १९९९ सालीच झाले होते. त्यामुळे या माथ्याचा काही भाग तरी कायद्याच्या छत्राखाली आला. अर्थात् अभयारण्याच्या कायद्याने आतल्या वाड्यांवरील लोकांचे जिणे अनेक परींनी अवघड केले आहे. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या ते रान राखले त्यांना रानाचे शत्रू मानून कोणतेही रान वाचत नाही, एवढे येथे सांगून पुढे जातो.

माथ्याखाली उतरले की दुसरे घाव सुरू होतात. नदीपात्रातील वाळूचा उपसा हा त्यांतला एक. वाळू ही नदीची तहानलाडूची शिदोरी होय. पात्रातल्या वाळूच्या थरात पाणी मुरते, टिकते आणि काठच्या विहिरींना मिळते. वाळू उपसून नेली की पात्र खोल जाते आणि काठच्या विहिरींचे पाणी त्याबरोबर खाली उतरते. शेतातली कसदार माती वीटभट्टीला विकली जाते, हा दुसरा घाव. आणि तिसरा म्हणजे कूपनलिकांचा. आपल्या कठीण खडकात पाणी मुख्यतः वरच्या झिजलेल्या थरात आणि भेगांत असते. शेकडो फूट खोल जाऊन पाणी उपसणारा नवे पाणी निर्माण करीत नाही. तो बहुधा शेजाऱ्याच्या विहिरीतलेच पाणी आधी पळवतो.

बळ्ळारी नाल्याचा धडा

परंतु दूरच्या डोंगराची चर्चा करून आपण सुटू शकत नाही. आपल्या शहराच्या कुशीत वाहणाऱ्या बळ्ळारी नाल्याकडे पाहा. येळ्ळूर, अनगोळ, वडगाव, शहापूर या शिवारांचे पाणी वाहून नेणारा हा प्रवाह. याच शिवारात सुवासिक बासमती भात पिकते. बेळगावच्या बासमतीचे नाव घाटाखालीही आदराने घेतले जाते. आणि याच शिवारात आषाढात पेरलेले भात आठ-आठ दिवस पाण्याखाली राहून कुजते, दुबार पेरणी करावी लागते, आणि कधी कधी तीही वाया जाते. शेतकरी दर वर्षी निवेदन देतो, पंचनाम्याची वाट पाहतो आणि पुढल्या मृगाला पुन्हा बी-बियाण्याची जुळवाजुळव करतो.

हे पाणी कोठून येते? आकाश पूर्वीचेच आहे. बदलली आहे ती जमीन. साधा हिशेब करून पाहा. एक मिलिमीटर पाऊस एका चौरस मीटरवर पडला म्हणजे एक लिटर पाणी होते. एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस झाला तर एका एकरावर सुमारे चार लाख लिटर पाणी पडते. ते एकर शेताचे असेल तर बांध त्यातले पुष्कळ अडवतात आणि माती पुष्कळ पिते. त्याच एकरावर डांबर, फरशी आणि सिमेंट आले की जवळजवळ सगळे पाणी तासाभरात नाल्याकडे धावते. शंभर एकरांची वसाहत झाली म्हणजे चार कोटी लिटर पाण्याचे नवे ओझे एका दिवसात नाल्याच्या माथी आले. आणि आपण नाला रुंद केला काय? उलट त्याच्या काठावर भराव टाकले, रस्त्याचे बांध आडवे घातले, मोऱ्या अपुऱ्या ठेवल्या, पात्रात गाळ साचू दिला, जलपर्णी माजू दिली, आणि शहराचे सांडपाणी त्यात सोडले. पावसाळ्यात जो नाला शेत बुडवतो, तोच उन्हाळ्यात काळ्या, दुर्गंधीयुक्त पाण्याने काठच्या विहिरी बाटवतो. पुढे ते पाणी मार्कंडेयेत जाते, आणि खालच्या गावांची गुरे तेच पितात.

नाल्यावरून शेतकरी ओरडतो तेव्हा शहरातला सुशिक्षित मनुष्य म्हणतो, "पालिकेने काहीतरी करावे." पालिकेने करावेच, त्यासाठी आंदोलन करावे लागले तर आम्ही मागे राहणार नाही. पण ज्या भूखंडावर आपले घर आहे, तो भूखंड कोणत्या शेताचा, कोणत्या ओहोळाचा होता, हे आपल्यापैकी कितीजणांनी विचारले? अंगणभर फरशी घालताना पाणी कोठे जाईल, हे कितीजणांनी पाहिले? येळ्ळूरच्या शेतकऱ्याच्या बुडालेल्या वाफ्यात आपल्या छपराचेही पाणी आहे, हे मान्य करण्यापासून सुधारणेचा आरंभ होतो.

याच शहरात १९२४ साली गांधीजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन भरले, तेव्हा पाण्यासाठी टिळकवाडीत मोठी विहीर खोदण्यात आली. ती 'काँग्रेस विहीर' म्हणून आजही प्रसिद्ध आहे. नळ आले आणि अशा कित्येक विहिरी आपण कचराकुंड्या केल्या. गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात टंचाई पडली, तेव्हा त्यांतल्या काहींचा गाळ उपसला गेला, आणि खाली पाणी होतेच! मार्कंडेयेवरचा राकसकोपचा जलाशय आणि पुढे हिडकलचे पाणी यांवर शहर विसंबले आहे. दोन्हीही दुसऱ्या गावच्या डोंगरांवर पडलेल्या पावसाचे देणे होय.

वाटपाचा निवाडा

आता त्या विषयाकडे येतो, ज्याने या भागातील तीन राज्यांना न्यायासनापुढे उभे केले. म्हादईच्या पाणलोटाचे सुमारे २०३२ चौरस किलोमीटर क्षेत्र तीन राज्यांत विभागले आहे. गोव्यात १५८०, कर्नाटकात ३७५ आणि महाराष्ट्रात ७७. कळसा व भांडुरा या नाल्यांचे पाणी जलविभाजक ओलांडून मलप्रभेत न्यावे, अशी कर्नाटकाची योजना. गोव्याचा तिला कडवा विरोध. २०१० साली लवाद नेमला गेला आणि १४ ऑगस्ट २०१८ रोजी त्याने निवाडा दिला. गोव्याला २४, कर्नाटकाला १३.४२ आणि महाराष्ट्राला १.३३ अब्ज घनफूट. कर्नाटकाच्या वाट्यापैकी ३.९ अब्ज घनफूट पाणी मलप्रभेकडे वळविण्यास परवानगी मिळाली. तिन्ही राज्यांनी निवाड्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली.

या वादात कोण खरा, हे या व्यासपीठावरून ठरविण्याचा आमचा विचार नाही. आम्हाला त्यातली तहान दाखवावयाची आहे. मलप्रभेवर सौंदत्तीजवळ नविलतीर्थ येथे मोठे धरण झाले. हुबळी-धारवाड त्याचे पाणी पितात. नरगुंद, नवलगुंद त्यावर शेती करतात. पण कित्येक वर्षे ते पूर्ण भरले नाही. १९८० साली त्याच नरगुंद-नवलगुंदच्या शेतकऱ्यांनी पाण्याच्या आणि पट्टीच्या प्रश्नावर उठाव केला आणि त्यांच्यावर गोळीबार झाला. त्या शेतकऱ्याची भाषा आपली नव्हे. पण कोरड्या कालव्याकडे पाहताना त्याच्या पोटात जो गोळा उठतो, तो ओळखावयास आपल्याला दुभाषी लागत नाही. आणि पलीकडे गोमंतकात आपल्याच भाषेचे लोक भयभीत आहेत. फोंडा आणि पणजीला पाणी देणारी ओपाची योजना खांडेपार नदीवर आहे, आणि खांडेपार ही मांडवीचीच उपनदी. शिवाय नदीतून येणारे गोडे पाणी कमी झाले की भरतीचे खारे पाणी वर सरकते, ही भीती खाजनशेती करणाऱ्याला कोणी शिकवावी लागत नाही.

तथापि दोन्हीकडच्यांना एक प्रश्न विचारला पाहिजे. पाणी कण्यावरून पलीकडे न्यावे की नेऊ नये, यावर वर्षानुवर्षे भांडताना आपल्या स्वतःच्या खोऱ्याचे आपण काय केले? गोव्यात डिचोली तालुक्यातील शिरगाव येथे खाणी भूजलाच्या पातळीखाली खणल्या गेल्या, खाणीतले पाणी उपसून टाकण्यात आले, आणि गावच्या विहिरी व झरे आटले. ते पाणी शेजारच्या राज्याने नेलेले नव्हते. मलप्रभेच्या खोऱ्यात उसाने पाणी प्यायले, ओढे बुजले, पात्र आकुंचित झाले. आणि ज्या नदीत पाणी नाही म्हणून ओरड होती, तिलाच ऑगस्ट २०१९ मध्ये असा महापूर आला की काठची गावे पाण्यात गेली. पाणी नव्हते असे म्हणावे तर हे आले कोठून? निवाड्यात राज्यांचे वाटे लिहिले आहेत. कणकुंबी-देगावच्या माथ्यावर ज्या गावांच्या रानावर हे सारे पाणी पडते, त्या गावांचा वाटा कोणता, हे मात्र अद्याप कोणी विचारीत नाही. ती गावे आपली आहेत. त्यांच्या वतीने विचारणारे आपणच असले पाहिजे.

माथा ते पायथा

यावर उपाय आहे काय? आहे, आणि तो महाराष्ट्राने करूनही दाखविला आहे. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला, त्यात तालीबंधारे घालून पावसाचे पाणी व कसदार माती शेतात मुरविण्याचा विचार मांडलेला आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे विलासराव साळुंखे यांनी १९७४ साली पाणीपंचायतीचा प्रयोग आरंभिला. पाणी जमिनीच्या एकरांवर नव्हे, घरातील माणसांच्या संख्येवर वाटावे, आणि भूमिहीनालाही त्यात वाटा असावा, हे त्याचे सूत्र. नगर जिल्ह्यातील हिवरे बाजार या गावाने १९९० नंतर पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली डोंगरउतारावर समतल चर काढले, चराई व कुऱ्हाड थांबवली, आणि उपलब्ध पाण्याचा दर वर्षी हिशेब मांडून कोणते पीक घ्यावयाचे ते ठरविले. त्या भागात आपल्या निम्माही पाऊस पडत नाही, हे लक्षात घ्या.

या सर्वांचे सार 'माथा ते पायथा' या तीन शब्दांत आहे. काम वरून सुरू करावयाचे. आधी माथ्यावर झाडी व गवत, मग उतारावर समतल चर, मग ओघळीत दगडांचे लहान बांध, मग शेतात बांधबंदिस्ती, आणि शेवटी नाल्यावर बंधारा. वरचे न करता खाली बंधारा घातला, तर दोन पावसाळ्यांत तो गाळाने भरतो, आणि त्यावर कोनशिला तेवढी उरते.

तेव्हा या सभेकडून आमच्या तीन मागण्या आहेत. पहिली, येत्या पावसाळ्यापूर्वी प्रत्येक गल्लीतील तरुण मंडळाने आपल्या भागातील नाल्यांचा व ओढ्यांचा जुना मार्ग वृद्धांना विचारून नकाशावर उतरवावा. कोठे भराव पडला, कोणती मोरी अपुरी आहे, हे लिहून काढावे. कागद हाती असला की निवेदनाला धार येते. दुसरी, प्रत्येक घरधन्याने आपल्या छपराचे पाणी विहिरीत किंवा शोषखड्ड्यात जिरवावे. बेळगावात वर्षाला १२०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस धरला, तरी १०० चौरस मीटरच्या छपरावर सव्वा लाख लिटरच्या घरात पाणी पडते. ते नाल्यात लोटणे म्हणजे शेतकऱ्याचे शेत बुडवून स्वतः टँकरची वाट पाहणे होय. तिसरी, खानापूर तालुक्यातील माथ्यावरच्या गावांच्या ग्रामसभांनी ठराव करावेत की, आमच्या रानासंबंधी, झऱ्यासंबंधी, नाल्यासंबंधी कोणताही निर्णय आम्हाला विचारल्यावाचून होऊ नये. शहराने त्या ठरावांच्या पाठीशी उभे राहावे, कारण शहर त्यांच्या पाण्यावर जगते.

बंधुभगिनींनो, शाईच्या रेषांचे वाद न्यायालयात चालतील, लोकसभेत चालतील, रस्त्यावरही चालतील. ते चालवावयास आम्ही आहोतच. पण ती रेषा कोठेही गेली तरी बळ्ळारी नाला आपल्याच दारावरून वाहणार आणि मलप्रभा आपल्याच डोंगरात जन्मणार. मृग नक्षत्र लागावयास फार दिवस राहिलेले नाहीत. त्याआधी येळ्ळूर-वडगावच्या शिवारात नाल्याच्या काठाने आपण सर्वांनी एकदा पायी फिरून यावे, अशी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.